नारिंगी शर्टवाला काका आणि आमचा वेळलेला भात

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्यताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्यांची बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागं उभ्या असलेल्या ताई, पुढं सतरंजीवर जागा आहे, या. माझं बोलणं लांबलं तर पाय दुखतील.

अध्यक्षताईंनी मला विषय दिलाय, 'मोबाईलवरून मालाची विक्री'. आमच्या गटातल्या बायांनी हा विषय ऐकला तेव्हा त्या एकमेकींकडं बघून गालात हसल्या. का हसल्या ते सांगते. आमच्या गटाची मोबाईलवरची विक्री गेल्या पावसाळ्यात बंद पडली, आणि ती बंद पडली माझ्यामुळं. बँकेमुळं नाही, पाऊस झाला नाही म्हणून नाही. माझ्या जिभेमुळं.

तुम्हाला ठाऊक आहे, आमचा गट शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करतो. सोलापूरकडची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी एक सून आली, कोकणातली. बारावी झालेली, हातात मोबाईल, बोलायला गोड. गटात आली आणि सहा महिन्यांत तिनं सगळी ऑर्डर मोबाईलवर घ्यायला सुरुवात केली. चटणी कशी कुटतो त्याचा व्हिडिओ काढला, भाकरी कशी वाळवतो त्याचा काढला. पुण्याहून, मुंबईहून मागणी यायला लागली. इतिवृत्तात लिहायला आम्हाला पहिल्यांदा बचत आणि हप्ता सोडून तिसरा विषय मिळाला.

मग तिनं एक व्हिडिओ काढला, 'शेंगाचटणी-भात'. भात शिजवायचा, त्यावर तेल आणि आपली चटणी. आता भात शिजवताना तिनं काय केलं? मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळलं, तांदूळ टाकले, शिजले, आणि पातेल्यावर झाकणी धरून सगळं पाणी गाळून काढलं. मी बघितलं आणि मला राहवेना. मी आपल्या ग्रामसंघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला. "अगं बाई, हा भात आहे का धुणं? पिळायचं तेवढं राहिलं!" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी तिचा कोकणी हेल काढून बोलले. दीडशे बायांच्या ग्रुपवर. सगळ्या हसल्या. हसून रडणारी ती पिवळी तोंडं असतात ना, त्यांची रांग लागली. मला तर वाटलं, आज आपण फारच भारी बोललो.

दुसऱ्या दिवशी तिनं व्हिडिओ काढून टाकला. तो एकटाच नाही, सगळे. पुढच्या दोन बैठकींना आली नाही, हप्ता सासूच्या हातून पाठवला. सासू माझी जुनी मैत्रीण. तिनं पैसे कोषाध्यक्षांपुढं ठेवले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सून म्हणते, माझं हसं झालं, आता मोबाईलमध्ये तोंड दाखवणार नाही." ऑर्डर घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं फोन करायची, उचलायला कोणी नाही. चटणी डब्यात पडून राहिली, आणि शेंगदाण्याला खवट व्हायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीतच आहे.

आता तो काका यात कुठून आला ते सांगते.

दिवाळीला माझा भाचा आला, पुण्यात नोकरीला असतो. मी त्याला हीच गोष्ट जरा फुशारकीनंच सांगितली, कशी मी त्या भाताची टर उडवली. तो म्हणाला, "मावशी, तू तर अंकल रॉजर झालीस." मी म्हणलं, हा कोण गोरा? तो म्हणाला, गोरा नाही, मलेशियाचा आहे. आणि त्यानं मला मोबाईलवर दाखवलं.

बायांनो, अंकल रॉजर नावाचा माणूस खरा नाही. नायजेल एनजी नावाचा एक विनोदवीर आहे, मलेशियात क्वालालंपूरला वाढलेला, चिनी वंशाचा. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकला, लंडनला नोकरी केली, आणि रात्री मंचावर उभं राहून लोकांना हसवायचा. त्यानं एक सोंग उभं केलं. आपल्याकडं बहुरूपी यायचे तसं. नारिंगी रंगाचा कॉलरवाला शर्ट, कमरेच्या पट्ट्याला मोबाईलचं पाकीट, बायको सोडून गेलेली, कायम कपाळाला आठी. प्रत्येक गावात असा एक काका असतोच. पंक्तीत बसून 'आमटीत गूळ कमी आहे' म्हणणारा. हा काका खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसतो आणि लोकांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतो. चुकलं की 'हाय्या' असं म्हणून कपाळ बडवून घेतो, जमलं की 'फुयो' म्हणतो. बघणाऱ्या सगळ्यांना तो भाच्यांनो-पुतण्यांनो म्हणतो. इंग्रजीत भाचा आणि पुतण्या एकच, त्यामुळं तो मामा की काका हे आपल्याला ठरवावं लागतं. त्याचा स्वभाव बघता मी त्याला काकाच धरलाय, मामा इतका तिरसट नसतो.

तर हा काका 2020 च्या जुलैत जगभर गाजला. करोनात सगळे घरात बसलेले. बीबीसी म्हणजे इंग्लंडची मोठी वाहिनी, तिच्या खाद्यविभागाचा एक व्हिडिओ होता, अंडं घालून परतलेला भात. करून दाखवणारी निवेदिका हर्षा पटेल. तिनं भात शिजवला, चाळणीत ओतून पाणी काढलं, आणि वरून नळाखाली धरला. शिजलेला भात, नळाखाली! ते बघून काकानं खुर्चीवरचा पाय खाली घेतला. त्याला एवढा धक्का बसला की पाय वर ठेवून बसवेना. हे त्याचं बोलणं कोट्यवधी वेळा बघितलं गेलं.

मीही हसले. पण हसता हसता पोटात गोळा आला. भात, पाणी गाळणं, बाईची टर. हे तर मीच.

भाचा झोपल्यावर मी तो व्हिडिओ परत लावला. एकदा नाही, चार वेळा. इंग्रजी मला कळत नाही, पण स्वयंपाक कळतो. आणि माझ्या ध्यानात आलं की काका चिडतो तेव्हा तो बाईवर नाही, कामावर बोट ठेवतो. चाळणी कशाला? नळ कशाला? पाणी वाटीनं का मोजतेस, बोटानं मोज. तांदळावर बोट टेकवायचं आणि पहिल्या पेराइतकं पाणी ठेवायचं, असं तो सांगतो. बायांनो, माझी आजी हेच करायची! पेरभर पाणी. मलेशियातली आजी आणि आमच्या तालुक्यातली आजी, दोघींच्या बोटाला एकच माप. अर्थात तांदूळ नवा की जुना ते बघावं लागतं. नव्याला पाणी कमी, जुन्याला जास्त. आणि इंद्रायणीला पेरभर पाणी घातलंत तर गिचका होईल, मग मला नावं ठेवू नका.

परतायच्या भातात ओल का चालत नाही, तेही आपल्याला आधीपासून माहीत आहे. आपण फोडणीचा भात कशाचा करतो? रात्रीच्या उरलेल्याचा. ताज्या गरम भाताला फोडणी दिली की त्याचा गोळा होतो. रात्रभर थंड झालेला दाणा घट्ट होतो, वरची ओल उडते, मग तेलात सुटा सुटा होतो. काका पण तेच सांगतो, परतायला कालचा भात घ्या. आपल्या घरात जे काटकसर म्हणून होतं ते तिकडं कौशल्य म्हणून सांगतात. एक मात्र मध्येच सांगून ठेवते, कारण इथं डबे देणाऱ्या गटाच्या ताई बसल्या आहेत. कालचा भात म्हणजे फ्रिजमधला. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. घरी आपण वास घेऊन ठरवतो, पण विकायच्या डब्यात वासावर भरवसा ठेवू नका.

पुन्हा काकाकडं येते. एक गोष्ट त्याला ठाऊक असेल-नसेल, पण मला ठाऊक नव्हती एवढं नक्की. भाताचं पाणी काढून टाकणं ही चूकच नाही. कोकणात उकड्या तांदळाचा भात असाच करतात. भरपूर पाण्यात शिजवायचा, वेळायचा, निघालेली पेज मीठ घालून प्यायची. बिर्याणीवाला आचारी लग्नात काय करतो? तांदूळ अर्धवट शिजवतो आणि पाणी गाळतो. तेव्हा आपण कोणी त्याला 'धुणं' म्हणतो का? नाही, तेव्हा आपण ताट घेऊन रांगेत उभ्या राहतो. त्या पोरीनं तिच्या आईच्या घरचा भात केला होता. नळाखाली तर तिनं धरलाही नव्हता. मी माझ्या चुलीवरून तिच्या चुलीला नाव ठेवलं.

काकाच्या सगळ्याच गोष्टी मला पटल्या असं नाही. तो अजिनोमोटोचा फार भक्त. चायनीजच्या गाड्यावरची ती पांढरी पूड. त्याला तो चवीचा राजा म्हणतो. भाच्याकडून मी त्याची माहिती काढली, कारण आपल्याला मसाले विकायचे आहेत. 1908 साली जपानमध्ये किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकानं समुद्रातल्या शेवाळापासून ही चव वेगळी काढली. टोमॅटोत तीच चव मुळातच असते. अमेरिकेत 1968 साली एका डॉक्टरनं वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं. तेव्हापासून ती पूड बदनाम झाली, आणि तिच्याबरोबर चिनी माणसाचं हॉटेलही. पुढं तपासण्या झाल्या, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात ती घातक असल्याचं सिद्ध झालं नाही. काकाचा राग त्याच्यावर आहे, आणि तो राग मला समजतो. पण ताई, आपल्या चटणीला त्याची गरज नाही. शेंगदाणा भाजणं नीट असलं की चव येते. आणि कोणी घालणार असेल तर पाकिटावर लिहा. लपवायचं नाही.

दुसरी न पटलेली गोष्ट, त्याचं बोलणं. तो मोडकं इंग्रजी मुद्दाम बोलतो, त्याच्याकडची वडीलधारी माणसं बोलतात तसं. त्याच्याच लोकांपैकी काही जण म्हणाले, तू आमच्या बोलण्याची टर उडवतोस आणि मग दुसरे आम्हाला हसतात. काही म्हणाले, हे तर आमच्या घरातलं माणूस, बघून बरं वाटतं. यात कोण बरोबर ते मी ठरवणार नाही. मला एवढं दिसलं की तो सोंग काढतो ते आपल्याच काकाचं. मी सोंग काढलं ते दुसरीच्या माहेरचं. आपण तालुक्याला जातो तेव्हा साहेबलोक आपल्या 'पानी' आणि 'लोनी'ला हसतात, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? तेच मी त्या पोरीला केलं, आणि तेही आपल्या स्वतःच्या ग्रुपवर, जिथं तिनं आम्हाला ताई म्हणून जोडलं होतं.

हर्षा पटेलचं काय झालं, हे मी भाच्याला विचारलंच. तिला लोकांनी फार बोलून घेतलं. काका एकदा बोलून मोकळा झाला, पण बघणारे हजारो लोक तिच्यामागं लागले. आग लावणारा एक आणि तेल ओतणारे गावभर, हे सगळीकडं सारखंच. पण काही आठवड्यांतच ते दोघं भेटले. एकत्र व्हिडिओ केला, शेजारी बसून बोलले, हसले. तीही मोकळेपणानं हसली. बाईचं काळीज मोठं म्हणायचं. तो गेला मात्र, तिच्यासमोर बसला, हे मला महत्त्वाचं वाटलं. जेमी ऑलिव्हर म्हणून तिकडचा मोठा आचारी आहे, त्यानं भातात मिरचीचा जाम घातला म्हणून काका त्याच्यावरही तुटून पडला. पण गॉर्डन रॅमसे, जो स्वतः दुसऱ्यांना शिव्या देण्यासाठी प्रसिद्ध, त्यानं इंडोनेशियात तिकडचा परतलेला भात, नासी गोरेंग, नीट केला तेव्हा काकानं त्याला 'अंकल' ही पदवी दिली. म्हणजे चुकीवर ओरडणारं तोंड चांगल्याला चांगलंही म्हणतं. आमच्या चटणीचे, भाकरीचे व्हिडिओ आले होते तेव्हा मी एकदा तरी 'छान झालं गं' लिहिलं होतं का? ग्रुप वर वर सरकवून शोधलं. नव्हतं लिहिलं. एकदाही नाही.

मग मी गेले तिच्या घरी. सांगायला सोपं वाटतं, पण उंबऱ्यापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा सासूनंच बघितलं आणि म्हणाली, "आता आलीसच तर आत ये." सून चुलीपुढं होती. मी म्हणलं, "पोरी, मी चुकले. ग्रुपवर बोलले, ग्रुपवरच माफी मागते." ती काही बोलली नाही. तांदूळ निवडत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काकू, भात आवडला नाही म्हणाला असतात तर चाललं असतं. तुम्ही माझ्या आईसारखं बोलून दाखवलंत." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

तिनं भात टाकला, वेळला, आणि वाटीत पेज काढून मीठ घालून माझ्यापुढं ठेवली. मी प्यायले. खोटं कशाला बोलू, पहिल्या घोटाला आजारपणाची आठवण आली, आमच्याकडं ती आजाऱ्यालाच देतात. दुसऱ्या घोटाला बरी लागली. मग मी तिला स्पष्टच सांगितलं की त्या व्हिडिओत एक गोष्ट खरंच चुकली होती. वेळलेला भात ओलसर असतानाच तिनं त्यावर चटणी टाकली होती. ओल्या भातावर चटणी चिकटते, तिचा लगदा दिसतो, दाण्यादाण्याला लागत नाही. भात झाकून दहा मिनिटं मंद विस्तवावर ठेव, वाफेनं सुकू दे, मग तेल आणि मग चटणी. ती म्हणाली, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?" बघा. मला जे माहीत होतं ते मी सांगितलंच नव्हतं. हसवायच्या नादात कामाचं बोलणं राहून गेलं.

ग्रुपवर माफी मागितली. आवाजातच मागितली, लिहून नाही, कारण चूक आवाजातच केली होती. हसणारी तोंडं पाठवणाऱ्या बऱ्याच जणी गप्प राहिल्या. दोघी-तिघींनी तिला फोन केला, ते बरं झालं.

ती लगेच परत आली नाही. महिनाभर नुसती बैठकीला यायची, कोपऱ्यात बसायची. मग एक दिवस म्हणाली, मी व्हिडिओ काढीन, पण मोबाईलमध्ये तोंड दाखवणार नाही, नुसते हात. आम्ही म्हणलं चालेल. आता आमच्यात ठरलंय की व्हिडिओ बाहेर जाण्याआधी गटात बसून बघायचा. चूक दिसली तर तिथंच सांगायची, तिच्या तोंडावर, आणि काय करायचं तेही सांगायचं. नुसतं 'बेकार झालाय' म्हणणारीला पुढच्या वेळी उखळ कुटायला बसवायचं. हा दंड माझ्याच सूचनेनं इतिवृत्तात लिहिलाय, आणि आतापर्यंत तो दोनदा मलाच झालाय. परवा मी तिच्या भाकरीला बघून 'ही काय भाकरी' म्हणाले आणि अर्धा किलो शेंगा कुटल्या. जिभेचं वळण लगेच जात नाही हो.

त्या काकानं 2024 मध्ये क्वालालंपूरला स्वतःचं हॉटेल काढलं, अंड्याच्या भाताचं. आता त्याच्या भाताला लोक पैसे देऊन नावं ठेवू शकतात. मला त्याची जरा काळजीच वाटते.

ऑर्डरीचं सांगून बसते. पहिल्याइतक्या अजून नाहीत. पुण्याची दोन जुनी गिऱ्हाइकं परत आली, एक दुकानदार नमुना मागतोय. येत्या गुरुवारी दुपारी तिच्याच घरी नवा व्हिडिओ आहे, वेळलेला भात आणि शेंगाचटणी, तिच्या पद्धतीनं. हात तिचे असतील. बोलणं कोणाचं ठेवायचं यावर अजून वाद चाललाय. ती म्हणते, "काकू, तुम्हीच बोला, तुमचा आवाज आता सगळ्या ग्रुपला पाठ आहे." मी म्हणलं, माझ्या हेलात बोलीन, तुझ्या नाही. ज्यांना यायचंय त्यांनी या, येताना एकेक वाटी आणा, पेज सगळ्यांना मिळेल.